मोजेवालीचा डावा डोळा

प्रिय भिंगरी,

तुझे तिन्ही निरोप मिळाले. पहिल्यात तू विचारलंस, बाबांची तब्येत बरी आहे ना. दुसऱ्यात विचारलंस, त्यांचा फोन बिघडलाय का. तिसऱ्यात मात्र सरळच विचारलंस, की दोन महिने ते माझ्याशी बोलत का नाहीत. तब्येत ठणठणीत आहे. फोनही ठणठणीत आहे. तुझं नाव दिसलं की ते तो पालथा घालतात आणि खिडकीबाहेर बघत बसतात. का बोलत नाहीत, ते मला माहीत आहे आणि ते सांगायलाच हे पत्र. फोनवर सांगायला गेले तर तू मध्येच 'जाऊ दे गं ताई' म्हणशील आणि मी आनंदाने जाऊ देईन. म्हणून लिहितेय. पण माझ्या चालीने लिहिणार. तुझ्यासारखं मुद्देसूद मला जमत नाही, हे तुला माहीतच आहे.

दूधखोलीत बसून लिहितेय. टँकर येऊन गेला, टाकी धुऊन झाली, फरशी अजून ओली आहे. गमबूट काढून पाय दुसऱ्या स्टुलावर ठेवलेत. आधी एक कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं लिहिताना हात अडखळणार नाही. मी तुझा हेवा करते. आजचा नाही, जुना आहे. आई गेली तेव्हा मी एकोणीसची होते आणि तू नऊची. नातेवाइकांना वाटतं, तुझ्यासाठी मी शिक्षण सोडलं. साफ खोटं. पुस्तक उघडलं की मला झोप यायची आणि गोठ्यात गेलं की जाग यायची. म्हणजे तुझा हेवा करायला माझ्याजवळ धड कारणसुद्धा नाही. तू डॉक्टर झालीस याचंही मला वाईट वाटलं नाही. जनावरांची का होईना, घरात एक डॉक्टर झाली म्हणून मीच सगळीकडे मिरवलं. माझं दुखणं वेगळंच आहे. तू बोलतेस तेव्हा बाबा मान जरा पुढे काढून ऐकतात. मी बोलते तेव्हा ते बादली विसळत असतात.

माझ्याकडे एकच गोष्ट अशी होती जी तुझ्याकडे नव्हती, ती म्हणजे डागणी. वासराच्या डोक्यावर ती दोन टणक बटणं हाताला लागली, की शिंगं फुटायच्या आत ती मुळातून जाळायची. नाहीतर पुढे दाटीवाटीत एकमेकींची पोटं फाडतात. बाबा डोकं धरायचे, मी तापलेली डागणी धरायची. मनात आठपर्यंत मोजायचं, मनगट एकदा फिरवायचं, कोंबाभोवती तांबूस कडं उमटलं की उचलायची. जास्त दाबली तर इजा खोलवर जाते, कमी दाबली तर वर्षभराने वाकडं शिंग उगवतं. बावीस वर्षांत माझ्या हातचं एकही वाकडं शिंग उगवलं नाही. बाबा येईल त्याला सांगायचे, 'हिच्या मनगटात घड्याळ आहे.' त्या एका वाक्यावर मी कितीतरी वर्षं काढलीत गं. तुझ्या कौतुकाची त्यांच्याकडे वही भरलेली असायची, माझ्या वाट्याचं हे एवढं एकच वाक्य, पण ते माझं होतं.

त्याची एक बाजू मी तुला कधी सांगितली नव्हती. डागून झालं की वासरं चार-पाच दिवस माझ्याजवळ यायची नाहीत. जन्मल्यापासून माझ्याच हातची बाटली प्यायलेली, माझी बोटं चोखणारी. पण मी फाटकाशी दिसले की पार कोपऱ्यात जाऊन भिंतीला चिकटायची. मग मी बाबांचा कोट चढवायचे, त्यांची टोपी कानापर्यंत ओढायचे आणि घसा खाकरत आत जायचे. तेव्हा कुठे दूध पोटात जायचं. बाबा त्यावर पोट धरून हसायचे, मीही हसायचे. ठरवून टाकलं होतं की हे असंच असतं. शिंगं घालवायची तर चार दिवस वासरांच्या मनातून उतरावंच लागतं.

आणि मग गेल्या खेपेला तू आलीस, ती छोटी निळी पेटी घेऊन. डोळा आणि कोंब यांच्या मध्ये कुठेतरी बोटाने चाचपून तू भुलीची सुई टोचलीस आणि कठड्याला टेकून 'आता दहा मिनिटं थांबायचं' म्हणालीस. बावीस वर्षांत आम्ही कधी दहा मिनिटं थांबलो नव्हतो. मग तू कोंबाभोवती सुईने टोचून पाहिलंस, वासरू ढिम्म. मला म्हणालीस, 'चल ताई, आता तू.' मी आठपर्यंत मोजलं. केस जळाल्याचा तोच वास, तोच धूर, आणि ते वासरू उभ्या उभ्या माझ्या बाहीचं टोक चघळत होतं. बाबांनी टोपी काढली. 'बावीस वर्षं आपण...' एवढंच म्हणाले आणि पाण्याची टाकी भरली का बघायला गेले. टाकी भरलेलीच होती.

संध्याकाळी मी बाटल्या घेऊन गेले, कोट न घालता, तर त्या दिवशी डागलेली चारही वासरं फाटकाशी धावत आली. एकीने माझी दोन बोटं तोंडात घेतली. मला आनंद व्हायला हवा होता ना? मला राग आला. इतकं सोपं होतं, आणि ते तुला येत होतं, मला नाही! माझी वासरं मला परत मिळाली तीही तुझ्या कृपेने. जेवताना बाबा म्हणाले, 'आता यापुढे भिंगरी सांगेल तसं.' तू मान खाली घालून जेवत होतीस, तुला काही कळलं नाही. मी मात्र ताट तसंच सारून उठले.

तू गेल्यावर तर कहरच झाला. जाताना तू जो कागद लिहून ठेवलास, तो बाबांनी प्लास्टिकमध्ये घालून दूधखोलीच्या बेसिनवर चिकटवला. हात धुताना रोज तुझं ते मुंग्यांसारखं अक्षर माझ्या डोळ्यांसमोर. पहिलं, भूल देऊन डागणी, सोबत दुखणं कमी करायचं औषध. दुसरं, कोंब जाळणारं मलम, पण फक्त पहिल्या काही दिवसांच्या वासराला, भोवती व्हॅसलीनचं कडं करून, आईपासून आणि इतर वासरांपासून वेगळं ठेवून आणि अगदी कोरडं. तिसरं, जन्मतःच बिनशिंगी निपजतील असा वळू निवडणं, म्हणजे पुढे प्रश्नच नको. बाबांनी टँकरवाल्याला तो कागद मोठ्याने वाचून दाखवला. खाद्यवाल्याला दाखवला. वीजमीटर बघायला आलेल्या माणसालासुद्धा सोडलं नाही, बिचारा पाय अवघडून उभा होता. मनगटातल्या घड्याळाचं कोणी नावही काढेना.

पुढच्या वासरांसाठी तू इथल्या डॉक्टरांशी बोलून ठेवलंस, बुधवारी ते भूल द्यायला येणार होते. एकच वासरू होतं, मोजेवाली. चारही पाय गुडघ्यापर्यंत पांढरे, वर काळी कुळकुळीत, जणू शाळेला निघालीय. सोमवारी मी औषधांच्या दुकानातून मलम आणलं. का आणलं, ते तुला खरं सांगते. मला अशी रीत हवी होती जिच्यात तुझी सुई नको, तुझा डॉक्टर नको आणि बाबांनी मान पुढे काढून म्हणावं, अरे, हे हिने एकटीने केलं. मोजेवाली तेव्हा एकोणीस दिवसांची होती. उशीर झालाय हे मला कळत होतं, तुझा कागद समोरच होता. म्हणून मी मलम जरा जास्तच थापलं. व्हॅसलीनचं कडं केलं, हातमोजे घातले, तिला वेगळं बांधलं, सगळं केलं. आणि बांधलं कुठे, तर फवाऱ्यांखाली. उन्हाळ्यात दुपारी बाराला गोठ्यातले फवारे आपोआप सुरू होतात. ती वेळ मीच लावलेली. बारा वाजता मी घरात कपडे वाळत घालत होते.

तिचं ओरडणं ऐकून धावले तेव्हा पांढरा ओघळ कपाळावरून डाव्या डोळ्यात गेला होता. पाण्याने धुतला, धुतच राहिले, डॉक्टर तासाभरात आले. डोळा वाचला नाही. आता तो साबुदाण्यासारखा पांढरा झालाय आणि ती डाव्या बाजूने कोणी आलं की दचकते.

बाबा तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. मला विचारलं, 'हे मलम लावायला कोणी सांगितलं?' भिंगरी, मी म्हणाले, 'भिंगरीने.' वर हेही म्हणाले, की ती फोनवर म्हणाली, डॉक्टरची वाट बघू नकोस, मलम लाव, एवढ्या वयालाही चालतं. इतकं सरळ, इतकं पटकन तोंडातून आलं की जणू घोकून ठेवलं होतं. तुला फोन करून खात्री करण्याचा बाबांचा स्वभाव नाही, त्यांचा राग म्हणजे तोंडाला कुलूप. ते मला पुरतं ठाऊक होतं आणि त्याच भरवशावर मी बोलले. त्यांनी उठून बेसिनवरचा कागद सोलून काढला, चार घड्या घातल्या आणि खिशात टाकला. त्या दिवसापासून ते तुझ्याशी बोललेले नाहीत.

आता सगळ्यात लाजिरवाणं. पुढचे कितीतरी दिवस मी सुखात होते. मोजेवालीकडे बघवत नव्हतं, पण बाबा संध्याकाळी माझ्याजवळ बसायचे, कुठली गाय आटवायची ते मला विचारायचे, मी बोलत असताना बादली खाली ठेवायचे. तुझा फोन पालथा झाला की माझ्या पोटात गार वाटायचं. तुझा तिसरा निरोप आला, त्यात शेवटी तू लिहिलं होतंस, 'ताई, माझं काही चुकलं असेल तर तू त्यांना समजाव, तुझं ते ऐकतात.' तुझं ते ऐकतात! मी ते वाक्य चार वेळा वाचलं. लाज वाटून नाही, गोड वाटलं म्हणून.

परवा मात्र बाबांनी डागणी बाहेर काढली. सहा वासरं तयार झालीत. काचकागदाने डागणीचं टोक घासत म्हणाले, डॉक्टरला नको म्हणून कळवलंय, त्या शिकलेल्यांच्या नादी लागून एक डोळा गेला, आता आपली जुनीच रीत बरी. पुढच्या गुरुवारी करून टाकू. भूल नाही, सुई नाही, दहा मिनिटं नाहीत. आणि माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, 'तुझ्या मनगटात घड्याळ आहे ना, मग झालं तर.' ज्या वाक्यासाठी मी एवढं केलं, ते मला परत मिळालं. मी तिथून उठून वासरांच्या वाड्यात गेले. सहाही जणी धावत आल्या. त्यांच्यामागून मोजेवाली आली, मान तिरकी करून, उजव्या डोळ्याने मला शोधत. तिला अजून कळलेलं नाही की तिचा डोळा कोणी घालवला. तिने माझी बोटं तोंडात घेतली आणि मी तिथेच तिच्याशेजारी खाली बसले.

म्हणून हे पत्र. गुरुवारी मी डागणी धरणार नाही. तू रजा काढ, निळी पेटी घे आणि ये, पण या वेळी सुई तू टोचायची नाहीस. माझं बोट धरून मला ती जागा दाखवायची आणि मला येईपर्यंत हलायचं नाही. हेवा संपला असं मी म्हणत नाही. तू फाटकातून आत येशील, बाबा टोपी सावरत पुढे धावतील आणि माझ्या पोटात दुखणारच आहे. दुखू दे. राहिलं बाबांना सांगायचं. ते आत्ता बाहेर चारा टाकताहेत, मला खिडकीतून दिसताहेत. तूच त्यांना खरं काय ते सांग, असं लिहून मी मोकळी झाले असते, निम्मं पत्र तर त्याच विचाराने लिहिलं. पण नको. पाकीट मी आत्ताच बंद करतेय आणि खिशात ठेवतेय, आणि त्यांना सगळं सांगितल्याशिवाय ते पोस्टात टाकणार नाही. तेव्हा तू हे वाचते आहेस, याचा अर्थ बाबांना कळलंय की मी काय केलं. आता ते माझ्याशी बोलत नसतील. तू त्यांना फोन कर.

तुझीच, तुझ्यावर अजूनही जळणारी,
ताई