कॅलिफोर्नियाला माझी बोटं दिसत नाहीत

१९ मार्च, गुरुवार
नाइट संपवून आलो, शूज काढायच्या आधी ईमेल. कॅलिफोर्नियाच्या नर्सिंग बोर्डाने बोटांचे ठसे परत पाठवले. रेषा स्पष्ट नाहीत म्हणे. कशा असतील? पेशंटच्या खोलीत जाताना जेल, बाहेर येताना जेल, मधे साबण. नागपुरात ब्रदर म्हणून लागलो तेव्हापासून हात धुतोय. झिजल्या असतील.
मागच्या वर्षी दुसऱ्या राज्यात, चँडलरला काँट्रॅक्ट केला तेव्हा टेक्सासचंच लायसन्स चाललं, कुणी काही विचारलं नाही. कॅलिफोर्नियाची चूल वेगळी. लायसन्स वेगळं, गुन्हे-बिन्हे आहेत का ती तपासणीही वेगळी.
स्नेहलला फोन केला. ती म्हणाली, "तू गुन्हा केला असतास ना, तर हेच ठसे पहिल्या झटक्यात जुळले असते." हसलो. फोन ठेवल्यावर हसू गेलं.

२० मार्च
नर्सेसना काँट्रॅक्टवर पाठवणाऱ्या एजन्सीच्या टिफनीचा फोन. सॅन होजेच्या हॉस्पिटलने जागा धरून ठेवलीय, पण मेच्या मध्यापर्यंत लायसन्स नंबर पाहिजे. नाहीतर दुसरा नर्स. "आय नो यू हॅव अ लिटल गर्ल देअर," म्हणाली. मला हे ऐकायचं नव्हतं.
स्नेहलचा इथला जॉब गेला, तिथे मिळाला, जानेवारीत ती आर्याला घेऊन गेली. मी मागून येतो म्हणालो होतो. अजून मागेच आहे, इथे टेक्सासात, अर्विंगला, वानखेडे काकूंच्या वरच्या खोलीत. नोकरी सोडून तिकडे नुसतं बसणं परवडणार नाही, हे दोघांनाही माहीत आहे. आर्याला माहीत नाही. ती सात वर्षांची आहे.

२२ मार्च, रविवार
काकूंना सांगितलं आणि फसलो. खोबरेल तेल हातात आलं. "रात्री लावायचं आणि मोजे घालायचे."
"काकू, मोजे पायात घालतात."
"शहाणपणा नको. भांडी मी घासते, तू पाण्यात हात घालायचा नाही."
काका पेपरामागून म्हणाले, "नवरीसुद्धा हातांना एवढं जपत नाही रे."
दुसऱ्यांदा इथे शाईने ठसे द्यायचे नाहीत असं ठरवलं. भीमजयंतीला तिकडे जाणारच आहे, तिथे मशीनवर देतो. मशीन बरं पडतं म्हणतात.

५ एप्रिल, रविवार
युनिटवर सगळे माझी बोटं बघतात. तेलाचा वास येतो अशी पेशंटची तक्रार. एक आजोबा मात्र म्हणाले, छान वास आहे, समुद्रावर गेल्यासारखं वाटतं.
आज दिव्याखाली अंगठा धरला तर रेषा दिसल्या. खरंच दिसल्या. काकूंना दाखवल्या. त्यांनी चष्मा लावून बघितल्या आणि सगळं श्रेय घेतलं.

१२ एप्रिल, रविवार
सॅन होजे. काल ड्यूटी संपवून सरळ एअरपोर्ट गाठला. आज सकाळी हॉलमध्ये जयंती. वंदना, भाषणं, जेवण. कितीतरी लोकांनी जय भीम करून विचारलं, "मग कधी येताय इकडे?" प्रत्येकाला "लवकरच".
दुपारी सोफ्यावर आडवा झालो तो मेलोच. जाग आली तर उजवा हात गार आणि जड. आर्या जमिनीवर बसलेली, जीभ बाहेर, हातात मेंदीचा कोन. हॉलमध्ये कुठल्याशा ताईने दिलेला. माझ्या पाचही बोटांच्या टोकांना मेंदीच्या टोप्या. डावा हात आधीच करून झाला होता, वाळून पापडी धरली होती.
"सरप्राइज! डोन्ट मूव्ह, बाबा."
स्नेहल किचनमधून आली, बघितलं आणि तोंडावर हात धरला. उद्या सकाळी ठसे.
ओरडलो नाही. पण चेहरा बोलला असणार, कारण आर्याने कोन खाली ठेवला. "इज इट बॅड?"

१३ एप्रिल, सोमवार
काल लिंबू, साखर, टूथपेस्ट, सगळं झालं. आर्या स्वतः स्टुलावर उभी राहून माझी बोटं घासत होती. मेंदी काही हटली नाही. उलट सकाळी जास्तच रंगली.
दुसरा दिवस मागावा तर पुढची तारीख मी परत गेल्यानंतरची. बसलो मशीनसमोर. तिथल्या बाईने बोटं उलटसुलट केली. "वेडिंग?" म्हणाली.
"डॉटर."
"ऑ." मग स्क्रीन बघून चेहरा पडला. पाठवते म्हणाली, बाकी देवावर. मी तिला सांगितलं नाही की त्या खात्यात माझी ओळख नाही.
त्याआधी, शाळेत सोडताना आर्याने विचारलं, "माझ्यामुळे तू इथे येणार नाहीस?" हे मराठीत विचारलं. एरवी सगळं इंग्लिश. नाही गं, असं काही नाही, वगैरे बोललो. पटलेलं दिसलं नाही. मलाही पटलं नव्हतं.

२७ एप्रिल, सोमवार
परत आले. नाकारले. तेच वाक्य.
स्नेहलला टेक्स्ट केला. तिने फक्त "ओके" लिहिलं. तिचं ओके म्हणजे ती ऑफिसच्या बाथरूममध्ये रडतेय.
काकूंनी वरण-भात वर पाठवून दिला.

२८ एप्रिल
सकाळी बोर्डाला फोन लावला. होल्डवरचं संगीत पाठ झालं. शेवटी एक बाई आल्या, आवाजाने आमच्या जुन्या मेट्रनसारख्या. फाइल उघडली. "रिजेक्टेड ट्वाइस? ओ गुड."
गुड?
ठसे दोनदा नाकारले गेले की तिसऱ्यांदा मागत नाहीत. मग नावावरून तपासणी करतात. ती विनंती कालच गेली आहे, मला काही करायचं नाही, बसून राहायचं. एकदाच नाकारले असते तर पुन्हा रांगेत. म्हटलं, मला हे आधी का कुणी सांगितलं नाही? म्हणाल्या, "नोबडी एव्हर आस्क्स, हनी."
फोन ठेवून जिन्यातच बसलो आणि हसत सुटलो. काका घाबरून बाहेर आले.
आर्याला लगेच व्हिडिओ कॉल. शाळेआधीचे केस अर्धे विंचरलेले. सांगितलं, तुझ्या मेंदीने काम बिघडवलं म्हणून काम झालं. तिने आईकडे बघितलं. "इज ही लाइंग?" स्नेहल म्हणाली, "नाही. या वेळी नाही." मग जो काही नाच झाला! फोन पडला, पुढे सगळं छतच दिसत होतं.

१२ मे, मंगळवार
नंबर आला! सहज बोर्डाची साइट उघडली तर माझं नाव, पुढे "ॲक्टिव्ह". पेज परत लोड केलं. तरी ॲक्टिव्ह. टिफनी फोनवर किंचाळली. जागा शाबूत.
डे शिफ्टच्या पोरींनी केक आणला, त्यावर मोठा हात काढलेला. काकूंना वाटतंय खोबरेल तेलाने झालं. वाटू दे. दोन बाटल्या बरोबर बांधून दिल्यात.

३१ मे, रविवार
सॅन होजे. गाडीतलं सामान अजून अर्धं गाडीतच. कपाटात स्नेहलने माझ्यासाठी एक कप्पा रिकामा केलाय. एकच. म्हटलं, एवढाच? "काँट्रॅक्ट केवढा आहे बघ, त्या मानाने पुष्कळ आहे," म्हणाली. तीन महिने, सप्टेंबर लागेपर्यंत. वाढवतील का, टिफनीला विचारलं तर "लेट्स सी". युनिटला गरज असेल तर. नसेल तर कुठे, ते तेव्हा.
आज त्याचा विचार करायचा नाही असं ठरवलं होतं. संध्याकाळी आर्याने फ्रिजरमधून तोच कोन काढला. जपून ठेवला होता. "बाबा, आता तर चालेल ना?"
उद्या हॉस्पिटलमध्ये पहिला दिवस, ओरिएंटेशन आहे. दिले दोन्ही हात.
तळव्यावर तिने स्वतःचं नाव काढलं, मराठीत, र्या जरा घसरलेला. मग विचारलं, हे सप्टेंबरपर्यंत राहील? नाही गं, मेंदी दोन आठवडे टिकते, आणि मी तर सारखे हात धुणार.
तिने कोन हलवून बघितला, किती उरलाय ते.
"ओके. देन आय विल डू इट अगेन."