पऱ्हाटीत मेलेली सात मेंढरं

११ जानेवारी २००६
दादाची सात मेंढरं गेली. अप्पांच्या कापसाच्या रानात तीन दिवस चरत होती. वेचणी संपली की दरसाल तिथंच बसतात. पऱ्हाटीचा पाला त्यांना, लेंड्या रानाला. यंदा रान बीटीचं, झाडातच अळी मारणारं विष असतं त्या नव्या बियाण्याचं, एवढाच फरक. वर्ग शिकवायचा सोडून शाळेतून पळत गेले तर तोंडाला फेस, पोटं टम्म फुगलेली. दादा एकेकीचे कान चाचपत बसलेला. माझा भाऊ रडत नाही असं गावात म्हणतात. खोटं आहे.

१२ जाने.
गुरांचे डॉक्टर आले. पोट फाडून बघितलं, नमुने बरणीत भरले. कशानं मेली? "विषबाधा." कसली? "ते रिपोर्ट आल्यावर." कागदावर 'कारण अज्ञात' लिहून गाडीला किक मारलीसुद्धा.
गावातले दोघं मटण मागायला आले. दादानं हाकललं. एकट्यानं खड्डा खणला, कुणाला हात लावू दिला नाही.

१५ जाने.
अप्पा घरी आले. रान त्यांचं, बियाण्याचं दुकानही त्यांचं. निम्म्या गावाला बीटी त्यांनीच विकलं. आईपुढं मान खाली घालून बसले. "माज्या रानात झालं, वैनी. अन्न गोड लागंना."
मला भांडायचं होतं. म्हाताऱ्याकडं बघून जमलं नाही, त्याचाच जास्त राग.

१९ जाने.
अप्पांच्या दुकानात बियाणं कंपनीचा माणूस आलेला. म्हणे, बियाण्याचा संबंधच नाही, तुमच्या फवारणीनं मेली.
अप्पांचं पोट त्याच्याच मालावर. तरी बोलले, "फवाराय लागू न्हाई म्हनून तर हे बी घेतलं, साहेब. तुमीच सांगितलं हुतं."
"पण फवारलं ना?"
"दोनदा. दिवाळीच्या आदी."
मेंढरं मेली संक्रांतीच्या तोंडावर. माणूस हसला. चक्क हसला.
मी विचारलं, आमच्या शाळेतली खिचडी सरकीच्या तेलात होते, ती सरकी आता हीच, कुणी तपासलंय?
"तेलात ते उतरत नाही, मॅडम."
"कुणी बघितलं?"
"कंपनीनं."
"आणि कंपनीला कोण बघतं?"
अप्पांनी घाईनं चहा मागवला. मी प्यायले नाही.

२० जाने.
शाळेतला तेलाचा डबा उलटसुलट करून वाचला. सरकी तेल, शुद्ध. कुठल्या सरकीचं, एक अक्षर नाही. खिचडी पोरांनी खाल्ली, मीही खाल्ली. त्यांना वाढून आपण उठून जायचं, हे मला... पण घास फिरत होता तोंडात.

२६ फेब्रु.
पुण्याहून एका संस्थेच्या ताई. बीटीच्या विरोधात काम करतात. मला बरं वाटलं, कुणीतरी विचारायला आलं. दादाचे फोटो काढले. उरलेल्यातल्या एका मेंढराला कवटाळून बसा म्हणाल्या. बसला बिचारा. जाताना: "पुढच्या रविवारी बीडला बीटीवर सभा आहे, तिथं फक्त 'बीटीनं मेली' एवढं म्हणा. बाकी आम्ही बोलू."
म्हटलं, रिपोर्ट कुठं आलाय अजून.
"रिपोर्टची वाट बघत बसलो तर संपलंच."
खरं आहे. तरी 'एवढं म्हणा' डोक्यातून जात नाही.

५ मार्च
बीड. हॉल गच्च. पुढच्या रांगेत ताईंची माणसं, मागं कंपनीची वही घेऊन. दादाला फेटा बांधून वर बसवलं. कसल्या आनंदाचा फेटा?
नाव पुकारलं. दादा माईकपाशी गेला. मग म्हणाला, "माजी सात मेंढरं मेली. पाल्यानं मेली का फवारलेल्या औषधानं, मला ठावं न्हाई. ते इचाराय मी हितं आलोय. कुनाला ठावं आसंल तर सांगा."
खाली बसला. टाळी नाही. ताईंनी माईक ओढून घेतला. मागच्यांनी वह्या मिटल्या. तासाभरानं दोन्हीकडची माणसं आपापल्या गाड्यांत. आम्ही स्टँडवर.
एसटीत दादा म्हणाला, "चुकलं का गं माजं?"
नाही चुकलं. त्या हॉलमध्ये एकच माणूस खरं बोलला, आणि तेवढंच कुणाला नको होतं.

१४ जून
पाच महिने आणि चार अर्ज. रिपोर्ट आला. एक ओळ. 'नमुने तपासणीयोग्य स्थितीत नव्हते.'
डॉक्टरांना दाखवला. त्यांनी कागद घडी करून परत दिला. "आणि चांगले असते तरी बाई, बीटीचं तपासायची सोय आपल्याकडं कुठंय? औषधाचं तेवढं बघतात."
मग जानेवारीत का नाही सांगितलं? हे ओरडून विचारलं. दवाखान्यातली माणसं वळून बघायला लागली. बघू देत.

९ जानेवारी २००७
सात महिने काही लिहिलं नाही याबद्दल. लिहून काय.
वेचण्या संपल्या. शिवारात देशी कापूस औषधालाही नाही, जिकडं तिकडं बीटी. गायरान करपलंय. सकाळी अप्पांचा निरोप: यंदा फवारणी बिलकुल केली नाही, वाटलं तर घाल मेंढरं, जबरदस्ती नाही.
दादा दारात उभा. मागं कळप, भुकेनं ओरडतोय.
"सुमे, तू शिकलेली हायेस. सांग. घालू का न्हाई?"
पाला काय करतो, मला माहीत नाही. ज्यांना माहीत असायला हवं, त्यांनी बघितलंच नाही, आणि उत्तर मात्र मी द्यायचं, चुलीपुढं उभी राहून, हाताला पीठ.
"बोल की. कळप थांबंना आता."