बाटलीवरची लाल रेघ

२६ ऑक्टोबर, रविवार

झालं! विहीणबाईंचं फर्मान आलं. "लग्नात टोस्टला, पेले उंचावताना, मार्गारिता हवी हं, ओफेलिया. क्लासिक. मिक्सरमधला तो बर्फाचा चिखल नको." मोंतेर्रेयची बाई, फोनवरही नाक वर! आणि मी मूर्ख, "हो हो, त्यात काय एवढं," म्हणून बसले.

सगळा जन्म आरान्दासमध्ये गेला. खिडकीतून बघावं तिकडे आगावेच्या काटेरी झुडपांची निळी शेतं. टकीला आमच्या दारातच पिकते म्हणा ना. पण मार्गारिता? ती पर्यटकांची. आम्ही सरळ पेल्यात ओततो आणि पितो. लेकीला, यादिराला फोनवर म्हटलं, बारवाला बोलावू. तर म्हणते, "मम्मी, तूच कर ना. तुझ्या हाताला चव आहे." पोरीनं असं म्हटल्यावर काय बोलणार. बावीस नोव्हेंबरला तिचं लग्न.

२७ ऑक्टोबर

दोन भाग टकीला, एक भाग संत्र्याचं गोड लिकर, एक भाग लिंबाचा रस. जॅमच्या बरणीत बर्फ घालून खळखळवायचं. ग्लासच्या काठाला मीठ. संपलं. एवढंच — आणि एवढंच जमत नाही! पहिली आंबटढाण. दुसरी गोडमिट्ट. तिसरीत काठावरचं मीठ आत पडलं, समुद्राचं पाणी बरं.

चव बघणार कोण? मीच. नवरा, कुको, शपथेवर आहे ना! जानेवारीत पाद्री आन्सेल्मोंसमोर, चर्चमधल्या ग्वादालुपेच्या मातेच्या पायाशी, वर्षभर दारूला शिवणार नाही म्हणून शपथ घेतली. तिच्या चित्राचं कार्ड पाकिटात घेऊन फिरतो. यादिरानं तेव्हाच बजावलंय, "पपांनी लग्नापर्यंत शपथ पाळली तर त्यांचा हात धरून चर्चमध्ये जाईन. एक थेंब जरी घेतला, तर एकटी चालेन." ती बोलते तसं करते. बापावर गेलीय.

दहा महिने झाले. नवरा माणसात आला, आणि त्याच घरात मी बाटली आणून ठेवलीय. काय करू?

३० ऑक्टोबर

कुको शेतावरून आला. दिवसभर आगावे तोडतो, अंगाला तोच गोडसर वास. मी लिंबं पिळत होते. टोपी न काढताच म्हणाला, "फ्रीजमधली घेतलीस? गार लिंबाला रस सुटत नाही. आधी तळव्याखाली लोळव." मग माझा ग्लास उचलला, नाकाशी नेला. माझा जीव टांगणीला!

"लिकर जास्त झालंय," म्हणाला आणि ठेवून दिला. गेला अंघोळीला.

ठेवला तर खरा. पण वास घेतला ना? आज वास, उद्या काय?

२ नोव्हेंबर

मृतांचा दिवस. आईची कबर धुतली, झेंडू वाहिला. तिच्यासाठी बरणीत मार्गारिता नेली होती. थोडी तिला, थोडी मला. आई म्हणाली असती, मीठ कमी आहे.

५ नोव्हेंबर

बाटली उतरलीय.

काल झाकण लावलं तेव्हा लेबलावरच्या घोड्याच्या मानेपर्यंत होती. नक्की होती. आज घोड्याच्या पोटाला! चाचणीच्या दोन-तीन धरल्या तरी एवढी? घरात माणसं दोन. देवा, नको रे. सतरा दिवसांवर लग्न, आणि हा!

यादिराची लाल नेलपॉलिश सापडली. बाटलीवर रेघ मारून ठेवली. आता कळेलच.

७ नोव्हेंबर

रेघेच्या खाली बोटभर.

विचारायचं धाडस होत नाही. समोर बसून बीन्स खात होता, मक्याच्या टोर्टियानं ताट पुसत होता, इतका साळसूद की मलाच लाज वाटली. त्या धास्तीनंच एक केली. चव बघायची होतीच.

८ नोव्हेंबर

जमली!! लिंबं लोळवून, लिकर जरासं हात आखडून, मीठ ग्लासच्या फक्त बाहेरच्या कडेला, बरणी हातात धरवेना इतकी गार होईपर्यंत खळखळवायची. आंबट, गोड, खारट, कुणीच कुणाला ढकलत नाही. खात्रीसाठी परत केली. परत तशीच! आता विहीणबाईंनी नाक मुरडून दाखवावंच.

चाचण्या बंद. उरलीय तिथे नवी रेघ मारली. आता एक थेंबही खाली गेला तर तो माझा नाही.

१० नोव्हेंबर

सकाळी जाग आली ती स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर. अंगावर कुकोची शाल. डोकं जड, हवा बदललीय बहुतेक. रेघ बघितली. खाली! आणि ओट्यावर ग्लास स्वच्छ धुऊन पालथे घातलेले. मी नाही धुतले. पुरावा पुसतो लबाड! वर माझ्या अंगावर शाल घालतो!

खूप रडले. माझ्या हातात काहीच नाही. कपाटाला कुलूप लावलं तर तो तोडेल, बाटली फेकली तर बाहेर जाईल.

१२ नोव्हेंबर

विचारलं शेवटी. बाटली टेबलावर आपटली आणि म्हटलं, "ही रेघ बघ. बोल आता."

त्यानं रेघ बघितली. मग मला बघितलं. चिडेल, भांडं फोडेल, मातेची शपथ घेईल, असं वाटलं होतं. पण हात नुसते मांडीवर.

"असू दे, ओफे," म्हणाला. "मीच असेन."

मीच असेन, म्हणे! कबूलच केलं की! आता पोरीला काय सांगू? नाही सांगितलं तर तिला फसवल्यासारखं, सांगितलं तर तिच्या लग्नाची माती.

१३ नोव्हेंबर

सांगितलं.

दुपारच्या बसनं यादिरा आली ग्वादालाहाराहून. दारातच विचारलं, "पपा, खरं आहे?" तो माझ्याकडे बघत राहिला. मी मान फिरवली, त्याची केविलवाणी नजर बघवेना.

"खरं आहे, बाळा."

"मग मी एकटी चालेन."

"बरं," म्हणाला. पाकिटातलं कार्ड काढून मातेच्या फोटोमागे खोचलं. "ओफे, तो राखाडी सूट मग इस्त्री करू नकोस." त्या सुटासाठी शिंप्याकडे तीनदा गेला होता. यादिरा न जेवता गेली. मला मिठी मारली, म्हणाली, "मम्मी, तू कशी राहतेस गं या माणसाबरोबर?"

१५ नोव्हेंबर

कुको लेओनला गेला, भावाकडे. लग्नाला येईन, मागच्या बाकावर बसेन म्हणतो. निघताना कपाटापाशी घुटमळला. म्हणाला, "बाटली मी घेऊन जाऊ का?"

"वा!" म्हटलं. "लाज कशी वाटत नाही!"

"वेळेवर जेवत जा," म्हणाला. शेजारच्या पोर्फिरियोच्या ट्रकमध्ये बसून गेला. फाटकाशी जरा वेळ उभी राहिले. राग येत होता, आणि घर इतकं मोठं कधी झालं कळेना.

१६ नोव्हेंबर

भरल्या बाटलीवर खांद्यापाशीच रेघ मारली. लग्नाच्या बाटल्यांतली आहे ही, नवीकोरी. आता बघू कोण हलवतं! निदान घरात शांतता आहे.

१८ नोव्हेंबर

बाटली अर्धी झालीय.

दार आतून बंद होतं. कडी मीच लावलेली. आज धुतलेले ग्लास नाहीत, ओट्यावर तसेच पडलेत, काठाला मीठ. अंगावर शालही नव्हती.

यादिराला फोन केला. म्हटलं, "पपांना लेओनहून घेऊन ये. त्यांचाच हात धरून चाल." ती म्हणाली, "का? मम्मी, काय झालं?"

तिला सांगितलं.