बटण न दाबता

मंगळवार, संध्याकाळ. मोहर्ली.

यांचा रेडिओ आज बोलला. ज्यावर हे दूरदूरच्या लोकांशी बोलत, तो बिनतारी सेट हे गेले तेव्हापासून कपाटावर मुका पडून होता. मी तर भंगारात द्यायले निघाली होती, पण पोरीनं त्याचा फोटो जुन्या सेटवाल्यांच्या ग्रुपवर टाकला. कोण कुठले लोक, दिवसभर विचारून राह्यले: दिवा लागते का, जळका वास येते का? शेवटी चिमूरचे रफिकभाई स्वतः आले अन् फुगलेले कंडेन्सर बदलून गेले. जाताना म्हणाले, "बाई, परवाना भाऊंच्या नावाचा होता. तुम्ही फक्त ऐका, बोलायचं बटण दाबू नका. परवान्याची परीक्षा द्या, मग बोला."

राग आला मले. माझ्याच घरातला सेट अन् मीच मुकी? अन् या वयात परीक्षा?

तरी सहाले लावला. आधी नुसती खरखर. मग एकेक आवाज यायले लागला. कोणाचा कापूस, कोणाचा खोकला. यांचंही रोज असंच चाले. शेवटी हे सगळ्यांले विचारत, "जेवले का?" अन् इथी यांचंच ताट थंड होत राहे. किती चिडायची मी!

बंद करायच्या आधी रफिकभाई म्हणाले, "मोहर्लीच्या बाई ऐकून राह्यल्या असतील. बाई, जेवल्या का?"

माईक हातातच होता. अंगठा बटणावर गेला, पण दाबलं नाई. त्या खरखरीलेच सांगितलं, "नाई जी, अजून नाई. ताट थंड होऊन राह्यलं."