कणभर डावीकडे

प्रिय छोटे,

बाबा जेवतात ना, असं तू फोनवर विचारलंस आणि मी हो म्हणालो. खोटं नाही, जेवतात. पण ताट घेऊन त्या जुन्या संगणकासमोर बसतात, हे सांगायचं राहिलं. आपल्या रेडिओच्या दुकानात दुरुस्तीला टाकून कुणी परत न नेलेलं ते यंत्र आठवतं ना? रेडिओ उघडता उघडता मी त्याच्याही पोटात शिरलो, चुकतमाकत प्रोग्रॅम लिहायला शिकलो. आई गेल्यावर बाबांना घर खायला उठायचं, म्हणून पडद्यावर आपलं स्वयंपाकघर काढलं आणि त्यात आईला चालायला लावलं. ओट्यापासून खिडकीपर्यंत, पुन्हा ओट्यापर्यंत. बोटाएवढी बाई, पण उजवा पाय ओढत चालणारी. बाबा बघून म्हणाले, एवढी गुपचूप कधी चालायची रे ती? आणि चष्मा पुसत बसले.

त्या यंत्राला अपूर्णांक कळत नाहीत, फक्त पूर्ण आकडे. पडद्यावरचं चित्र ठिपक्यांचं, आणि आईचं पाऊल तर नेमकं अर्ध्यामुर्ध्या ठिपक्याचं. मग मी एकेका ठिपक्याचे दोनशे छप्पन कण मानले, सगळा हिशेब कणांत केला. गुणाकारानंतर उरणारा चुरा मात्र टाकावा लागतो, आणि यंत्र तो टाकताना नेहमी खालच्या आकड्याकडेच झुकतं. म्हणून उजवीकडे जाताना पाऊल केसभर आखूड, डावीकडे येताना आकडा उणे, म्हणून केसभर लांब. जायची-यायची पावलं सारखीच, तरी फेरीगणिक आई कणभर डावीकडे सरकायची. आणि डावीकडे मी दार काढलं होतं.

हे आधी बाबांनी हेरलं. तुझी आई निघालीय बघ, म्हणाले. मी हसलो. चुरा टाकण्याआधी अर्ध्याची भर घातली की दोन्हीकडे सारखंच तुटतं. तेवढं दुरुस्त केलं, आईला ओट्यापाशी आणून ठेवलं. दुसऱ्या दिवशी ती दारात. आकडे तपासले, तर आकड्यांत ती ओट्यापाशीच! आता तर ती चालतही नाही, दाराला टेकून उभी असते. छोटे, उभं राहणं मी लिहिलेलंच नाही गं.

बाबा रोज दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून बसतात. चपला उंबऱ्यापाशी जोडून ठेवतात. रागावलो तर म्हणतात, आयुष्यभर तिला ताटकळत ठेवलं, आता तरी नको. यंत्र बंद करायला गेलो की मनगट धरतात, आणि त्यांचा हात इतका गार लागतो की माझंच बोट बटणावरून निघतं.

फोनवर हे बोलवेना, शेजारी बाबा असतात. आज चपला उंबऱ्यापाशी नव्हत्या. सगळं घर पालथं घातलं. बाबा खुर्चीत अनवाणी, गालातल्या गालात हसत होते. मग पडद्याकडे लक्ष गेलं. आईच्या पायांशी दोन काळे ठिपके आलेत, शेजारी शेजारी, जोडून ठेवल्यासारखे. मी काढलेले नाहीत. तू हाक मारलीस तर बाबा वळून बघतील. माझ्या हाकेला आता वळत नाहीत. पत्र मिळेल तशी नीघ.

तुझाच,
दादा