नऊ वह्या आणि दुसऱ्या साक्षीदाराची जागा

मी, स्नेहलता श्रीरंग करडे, वय वर्षे अडुसष्ट, मूळची पुण्याची, गेली सव्वीस वर्षे झिंडेलफिंगेन येथे राहणारी, स्वतःच्या मर्जीने हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. पुढच्या गुरुवारी माझ्या हृदयाची एक झडप बदलणार आहेत, पण झडपेचा डोक्याशी संबंध नाही, हे डॉक्टरांकडून मी दोनदा वदवून घेतलं आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. ज्यांचा होता ते सहा वर्षांपूर्वी गेले.

हे सगळं मी पहिल्या अक्षरापासून माझ्या हाताने लिहीत आहे. जर्मनीत घरच्या घरी केलेलं मृत्युपत्र टाइप केलेलं चालत नाही, खाली कितीही झोकदार सही असली तरी. हे मला कसं कळलं ते पुढे येईल. माझा पासपोर्ट अजून भारतीय आहे, म्हणून माझ्या वारशाला भारताचा कायदा लागू व्हावा, अशी माझी निवड आहे. पुण्यातला माझा भाचा हृषिकेश वकील आहे. त्याने फोनवर सांगितल्याप्रमाणे दोन साक्षीदारही घेत आहे.

१. कोथरूडचा फ्लॅट माझा मुलगा प्रणव यास द्यावा. त्याने तो विकला तरी माझी हरकत नाही. ड्रेस्डेनमध्ये कॉम्प्युटरच्या चिपा बनवणाऱ्या माणसाने कोथरूडच्या सोसायटीच्या मीटिंगांना कशाला हजेरी लावायची.

२. बँकेतली शिल्लक प्रणव आणि सून ईप्सिता यांना निम्मी निम्मी. ईप्सिताचं नाव वेगळं घातलंय ते मुद्दाम. माझं नाव आजवर कुठल्याच कागदावर वेगळं आलं नाही. या कागदात ज्याची वाटणी झालेली नाही, ते सगळं प्रणवचं.

३. माझ्या वडिलांच्या सात हातोड्या नात अन्वी हिला. आम्ही दोन्हीकडून तांबट. माझ्या वडिलांचे मठाराचे, म्हणजे भांड्याला घट्टपणा आणणारे ठोके इतके सारखे पडायचे की गिऱ्हाईक भांड्यावरून बोट फिरवत बसायचं. अन्वी अकरा वर्षांची आहे, मराठी सगळं समजतं, उत्तर जर्मनमध्ये देते. परवा एक हातोडी उचलून म्हणाली, ओमा, ही फार जड आहे. जडच असते. तिने त्या शोभेला भिंतीवर टांगू नयेत, एवढीच अट.

४. माझ्या साड्या ईप्सिताला. मोरपंखी पैठणी मात्र नाही. ती यांनी मला २०१४ साली आणली, कारण त्याच आठवड्यात त्या बाईच्या साठीला शाल घेतली होती आणि शालीची पावती माझ्या हाती लागली. ती पैठणी मी एकदाही नेसले नाही. ती माझ्याबरोबर जाळावी. जर्मन लोकांना विचारून जमत नसेल तर दान करावी, पण सर्बियन बाईला नाही.

५. आता ती बाई आणि त्या नऊ वह्या. माझे पती श्रीरंग यांनी एका जुन्या सर्बियन कादंबरीचा मराठी अनुवाद चालवला होता, त्याच्या या वह्या.

बाईचं नाव देसांका इलिच. हे नोकरीला होते त्याच मोटारींच्या कारखान्यात ती सीट शिवायला होती. २००८ मध्ये कॅन्टीनमध्ये तिने यांच्या हातातलं तांब्याचं फुलपात्र घेतलं, उलटं केलं, ठोके चाचपले आणि विचारलं, हे कोणी घडवलं. तिचे आजोबा तिकडे तांबट होते. फुलपात्र माझ्या वडिलांचं, माझ्या रुखवतातलं. म्हणजे या बाईला आमच्या घरात माझ्याच बापाने आणलं, असं म्हणायला हरकत नाही.

दुसऱ्या दिवशी तिने यांना ती कादंबरी दिली. तिच्या देशात फार नावाजलेली आहे म्हणे. तांबटांचं मोठं घराणं, चार भाऊ, एक भट्टी, पंचक्रोशीत नाव. मग रेल्वे येते, रेल्वेतून कारखान्याची इनॅमलची भांडी येतात आणि घर उतरणीला लागतं. एक भाऊ दारूत जातो, एक कारकून होतो, आणि शेवटी मोठी सून स्ताना घरातली सगळ्यात मोठी कढई मोडीत काढते. माझ्या सासऱ्यांचं हेच झालं. गिझर आले, बंब गेले, आणि म्हातारपणी ते एका कंपनीच्या गेटवर वॉचमन म्हणून उभे राहिले. सदतीस वर्षांच्या संसारात यांनी मला त्याबद्दल दोन वाक्यं सांगितली असतील. देसांकाला दर मंगळवारी पाच ते सात, अकरा वर्षं सांगत होते. पंचावन्नाव्या वर्षी हा माणूस तिच्यासाठी नवी लिपी शिकला. घरी यायचे तेव्हा कपड्यांना भाजलेल्या मिरच्यांचा वास असायचा, आणि मला भूक नाही म्हणायचे.

त्यांच्यात काही वावगं होतं, असं माझं म्हणणं नाही. असतं तर निदान भांडायला मुद्दा मिळाला असता. मला हेवा वाटायचा. अजून वाटतो, आणि हे मी कायदेशीर कागदावर लिहीत आहे.

हे गेल्यावर कपाटात कॉम्प्युटरवर टाइप केलेलं मृत्युपत्र निघालं. बाकी सगळं मला, वह्या देसांकाला. यांनी जर्मन पासपोर्ट घेतला होता, नियम वाचले नव्हते. नाखलासगेरिष्ट, म्हणजे वारसाहक्काचं कोर्ट, तिथून पत्र आलं की सदर कागद ग्राह्य नाही. प्रणवने वह्यांवर हक्क सांगितला नाही, त्या माझ्या झाल्या. पत्र वाचून मी शिरा केला. नवरा जाऊन दोन महिने झाले होते आणि मी बदाम घालून शिरा केला. आठवड्याने देसांका दारात उभी राहिली, बाकी काही नको, फक्त वह्या द्या म्हणाली. मी म्हटलं, त्या माझ्या आहेत, आणि दार लावून घेतलं.

६. वह्या मी वाचल्या त्या काही सापडतंय का ते बघायला. समासात पानोपानी ‘दे.’ होतं. ‘दे. म्हणते, असं नाही.’ ‘दे. ला पटलं.’ मी मोजायला घेतलं आणि दोनशेवर सोडून दिलं. पण वाचता वाचता वेगळंच सापडलं. ती स्ताना माझ्या तोंडाने बोलत होती. सासूला मारलेला टोमणा माझा, भांडं आदळून केलेली कटकट माझी. यांनी माझी भांडणं इतकी वर्षं जपून ठेवली आणि परक्या बाईच्या तोंडी घातली, मला कळूसुद्धा दिलं नाही.

सतरा ठिकाणी जागा कोऱ्या होत्या. सगळे कामाचे शब्द. भांड्याचा काठ वळवतात त्याला काय म्हणायचं, राखेने घासल्यावर जो रंग येतो त्याला काय म्हणायचं. हे लहानपणापासून अभ्यासात, भट्टीपाशी कधी बसलेच नाहीत. मी बसले. प्रत्येक कोऱ्या जागेशेजारी पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘स्नेहाला विचारणे’. आधी हे विचारायचे, आणि कशासाठी ते माहीत नसताना मी सांगायचे. २०१६ साली कळलं की हे सगळं त्या पुस्तकासाठी चाललंय. त्या दिवशी मी म्हटलं, तुमच्या देसांकालाच विचारा. पुन्हा यांनी मला एकही शब्द विचारला नाही. तीन वर्षं नुसतं लिहीत राहिले, विचारणे, विचारणे.

ही चूक माझी होती. ती इथे लिहिते, कारण दुसरीकडे कुठे लिहिणार.

गेल्या तीन आठवड्यांत त्या सतराही जागा मी भरल्या, शाईने. शेवटचं प्रकरण मात्र झालेलंच नाही. सर्बियन मला येत नाही, प्रणवला येत नाही. देसांकाने जर्मनमध्ये सांगितलं तरच कोणीतरी ते मराठीत उतरवू शकेल. म्हणजे वह्या घरात राहिल्या तर पुस्तक अपुरं, पण माझं. तिच्याकडे गेल्या तर पुरं, पण तिचं. सहा वर्षं मी अपुरं पसंत केलं.

७. सदर नऊ वह्या, माझ्या सतरा शब्दांसह, मी देसांका इलिच हिला देत आहे.

हे वाक्य गेल्या शनिवारी लिहिलं तेव्हा माझा हेतू काय होता, तेही नोंदवते. हृषिकेशने मला बजावलं होतं की आत्या, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नकोस, केलंस तर त्याला दिलेलं रद्द होतं. मी फोन ठेवला आणि ठरवून टाकलं की दुसरी साक्षीदार देसांका. नवऱ्याची इच्छा कागदावर पुरी, लोकांत मी मोठ्या मनाची, आणि वह्या तिच्याच सहीने तिच्या हातून जातील. इतका नीट बेत मी प्रणवच्या लग्नाचाही आखला नव्हता. शनिवार ते मंगळवार मला झोप छान लागली.

८. काल मंगळवार होता. फोन केला तशी देसांका अर्ध्या तासात आली. तिचा गुडघा गेलाय, आमचा तिसरा मजला, लिफ्ट नाही. धापा टाकत खुर्चीत बसली, सहीसाठी स्वतःचं पेन घेऊन आली होती. कागदात काय आहे ते तिने विचारलं. मी कलम सात जर्मनमध्ये सांगितलं. ती रडेल, आभार मानेल, असं मला वाटलं होतं. तसलं काही झालं नाही. ती म्हणाली, मला मराठी वाचता येत नाही, मला वाचून कोण दाखवणार.

मी म्हटलं, मी अजून गेलेले नाही.

मग वाचा, म्हणाली.

मी चौथी वही उघडली. स्ताना भट्टीपुढे नवऱ्याशी भांडते तो भाग. अर्धं वाक्य वाचलं आणि चष्मा घसरला म्हणून थांबले. तर उरलेलं वाक्य देसांकाने पुरं केलं. मराठीत. मग पहिल्यापासून पुन्हा सगळं म्हणून दाखवलं.

“तुमच्या घरात तांबं तेवढं चमकतं, बायका काळवंडतात.”

शब्द अन् शब्द बरोबर, उच्चार थेट यांचे. १९८६ साली सासरच्या स्वयंपाकघरात हे मी यांना म्हटलं होतं. तेव्हा हे बाहेर निघून गेले होते.

मी विचारलं, तुला हे कसं येतं. तर ती म्हणाली, “पुस्तकात स्ताना इथे काहीच बोलत नाही. श्रीरंग म्हणाला, हे माझ्या बायकोचं आहे, इथे हेच पाहिजे. मी ते पाठ केलं.”

अकरा वर्षं मी समजत होते की त्या दोघांच्यात मला जागा नाही. आणि ही बाई माझं वाक्य पाठ करून बसली होती. मला आनंद झाला का, तर नाही. माझं वाक्य चांगलं आहे, हे यांनी तिला सांगितलं, मला नाही सांगितलं. तेवढ्यासाठी मी यांना माफ करत नाही, आणि हेही या मृत्युपत्राचा भाग समजावं.

देसांकाने पेनाचं टोपण काढलं आणि सहीची जागा विचारली. मी तिच्या हाताखालून कागद ओढून घेतला. सही नको, म्हटलं. तिने माझ्याकडे बघितलं. तिला वाटलं, मी पुन्हा दार लावतेय. ती उठली, टोपण लावलं आणि जिना उतरून गेली. एकेक पायरी धरून उतरत होती, मला ऐकू येत होतं.

मी तिला काही समजावलं नाही. सही केली असती तर वह्या गेल्या असत्या, केली नाही म्हणून त्या तिच्या झाल्या, हे तिला माहीत नाही. झडप नीट बसली तर मीच सांगेन, नाही बसली तर हा कागद सांगेल. अकरा वर्षं तिच्याकडे यांचं काहीतरी होतं, जे मला ठाऊक नव्हतं. गुरुवारपर्यंत तिचं एक माझ्याकडे असू दे.

वरील मजकूर सर्वस्वी माझ्या हातचा आहे. तो वाचून, समजून मी आज खालील दोघांच्या समोर सही केली आहे. या दोघांना या मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही.

सही: स्नेहलता श्रीरंग करडे

साक्षीदार पहिली: नंदिनी अनय पेठे, राहणार याच इमारतीत, पहिला मजला. सही.

साक्षीदार दुसरा: उत्कर्ष सिद्धेश वाळिंबे, राहणार शेजारच्या इमारतीत. सही.
(या जागी आधी ‘देसांका इलिच’ असे नाव लिहिले होते. ते मी स्वतः, पूर्ण शुद्धीत, खोडले आहे. स्ने. श्री. क.)

स्थळ: झिंडेलफिंगेन
दिनांक: १५ ऑक्टोबर २०२५, बुधवार