यावोरित्साच्या तळाची साक्ष

तीर्थस्वरूप कूम रादिसाव यांना यागोदाचा साष्टांग नमस्कार (पाणबूट अजून ओले असल्यामुळे तो उभ्यानेच घालते आहे, राग नसावा). तुमचा गुडघा कसा आहे? पेर्सिदा काकूंचा रक्तदाब उतरला, की माझं नाव निघालं की अजून चढतो? आम्ही सगळे खुशाल आहोत. आमच्या लग्नात तुम्ही साक्षीला उभे राहिलात, माझ्या लेकीचं नाव तुम्ही ठेवलंत, म्हणून तुम्ही आमचे कूम. आपल्याकडे सख्ख्या भावाशी भांडता येतं, कूमशी येत नाही. म्हणून जे पुलावर तोंडाने बोलता आलं नाही, ते कागदावर उतरवते आहे.

मला तुम्हीच बोलावलंत, हे विसरू नका. तुमच्या घरच्या संताच्या सणाला, भरल्या पंगतीत, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालात, "तू नदीची डॉक्टर ना? मग ये आणि त्या कातडेवाल्याला एकदाचं गाडून टाक." कातडेवाला म्हणजे लायोश, नदीकाठी कातडी कमावायचा कारखाना चालवणारा. आपली यावोरित्सा नदी त्यानेच मारली, असा गावाचा निकाल कधीच लागला होता. कारखाना बंद करा असा अर्ज तुम्ही गावाच्या सह्यांनिशी धाडला होता, आणि फक्त माझा अहवाल यायचा राहिला होता. पुरावा काय, तर माणूस सुबोतित्साहून आलेला परका, आणि आपली गावठी दारू, राकिया, पीत नाही. आपल्या गावात एवढ्यावर माणूस फासावर जाऊ शकतो.

मी आले तर पुलावर खुर्च्या मांडलेल्या, शेगडीवर खिम्याची चेवापी भाजली जाताहेत. लोकांना वाटलं होतं मोठं यंत्र येईल, त्याचे दिवे लुकलुकतील. मी जाळी घेऊन पाण्यात उतरले आणि तळाचे दगड लाथाडायला लागले, तेव्हा वरून आवाज आला, "एवढं शिकून बाईसाहेब किडे धरतात होय?" होय, किडेच धरते. बाटलीतलं पाणी त्या घटकेपुरतं सांगतं; घाण काल सोडली असेल तर आजची बाटली सोवळ्यात. तळातले किडे मात्र महिनोन्‌महिने तिथेच राहतात. त्यांना पळून जाता येत नाही आणि साक्ष फिरवता येत नाही (त्यांना कोणी कूम नसतो). दगडाखाली दोन शेपट्यांची एक अळी असते, ती पेर्सिदा काकूंसारखी, जरा घाण दिसली की तिथे राहत नाही. खडे चिकटवून स्वतःपुरतं घर बांधणारी दुसरी थोडंफार चालवून घेते. आणि बारीक लाल किडे कसल्याही चिखलात लठ्ठ होतात. आपल्या ग्रामसमितीची आठवण मला उगाचच झाली.

कारखान्याच्या खालच्या अंगाला लाल किडे निघणार म्हणून सगळे कठड्यावरून वाकले. पांढऱ्या थाळीत निघाल्या त्या घरवाल्या अळ्या, भरपूर, आणि काही दोन शेपट्यांच्यासुद्धा. गावाचा एवढा हिरमोड मी कुणाच्या मयतालाही पाहिला नव्हता. "नीट शोध, बाई, असतील," कुणीतरी मला धीर दिला. तुम्ही म्हणालात, "आणखी खाली जा, विष तिथे साचतं." गेले. तुमच्या शब्दाबाहेर मी कधी आहे का? तुमच्या कुरणाजवळच्या वाळुंजाच्या झाडापर्यंत सगळं ठीक होतं. पुढे तुमच्या भट्टीच्या छपराखालच्या पाण्यात पाय टाकला आणि जाळीत राखाडी बुळबुळीत गोळा आला, त्यात वळवळत होते फक्त लाल किडे. वास आलुबुखाराचा होता.

सगळं गाव पाळीपाळीने तुमच्या भट्टीवर राकिया गाळतं आणि उरलेला लगदा तुमच्याच चराने नदीत जातो, हे तिथे कुणाला सांगायला लागलं नाही. पुलावरच्या यच्चयावत माणसाला डुकरांना खायला घालायचं आठवलं. तुम्ही तेवढे थांबलात. "अगं, देवाचं फळ आहे ते, विष थोडंच? किड्यांना जरा चढली असेल, उतरेल." उतरणार नाही, कूम. तो लगदा कुजताना पाण्यातला प्राणवायू खातो आणि बाकी सगळे जीव गुदमरून मरतात. मग तुम्ही आवाज खाली आणून म्हणालात, "वाळुंजापाशी थांबले असं लिही. कूमसाठी एवढं कर." मला तुमची लाज वाटली, आणि हे लिहिताना वाईटही वाटतं आहे, कारण तुमच्याइतका जीव माझ्या लेकीला कुणी लावलेला नाही. पण तसं लिहिलं असतं तर नदी मरण्याचं दुसरं कारण कागदावर आलंच नसतं, गावाच्या सह्यांवर लायोशच्या कारखान्याला कुलूप लागलं असतं, आणि नदी तशीच मेलेली राहिली असती. अहवाल गेला आहे. त्यातून लायोश सुटला, तुमची भट्टी सापडली.

काकूंना नमस्कार, गुडघ्याला जपा.

आपली,
यागोदा

ता. क. रागाच्या भरात भट्टीवरची आमची शनिवारची पाळी कापू नका. नवऱ्याची पिपं अंगणात फसफसताहेत. तो म्हणतो, अहवाल तू लिहिलास, आलुबुखारांनी काय पाप केलं?

ता. क. दुसरा. लगद्याची सोय मी बघून ठेवली आहे. घाण पाणी शुद्ध करायची टाकी गावात एकाच माणसाकडे आहे, आणि सगळ्या गावाचा लगदा घ्यायला तो तयार आहे, फुकट. अट एवढीच, की अर्जावर पहिली सही ज्याची, त्याने स्वतः येऊन विचारायचं. शनिवारच्या आत जाऊन या. जाताना बाटली नेऊ नका, लायोश पीत नाही. ती माझ्यासाठी ठेवा.